दिव्याचा बुश



पंधरा दिवस झाले, इथं काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून विचारलं, "काय आजारी हाय का काय?" आजारी नव्हतो. दिवसा शेत आणि सांजच्याला ट्रॅक्टरचे दिवे, असं चाललं होतं. म्हणून आजची नोंद पिकाची कमी आणि नट-बोल्टची जास्त आहे. ज्यांना फक्त उसाचं वाचायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, आडसाली ८६०३२ चा प्लॉट पंधरा महिन्यांचा झाला, खालचं पाचट काढून सरीत दाबलंय, वाफसा यंदा उशिरा आला, आणि चिटबॉय म्हणतो तोड डिसेंबरात येईल. बस्स. आता दिवे.

माझा ट्रॅक्टर जुना, मॅसी १०३५. दुसऱ्याकडनं घेतलेला. त्याला पुढं रेडिएटरच्या दोन्ही अंगाला वाटीसारखे गोल दिवे आहेत. प्रत्येक दिवा एका लोखंडी पट्टीवर बसतो आणि ती पट्टी दोन बोल्टांनी पुढच्या बिडाच्या बॉडीला आवळलेली असते. म्हणजे दोन दिवे, दोन पट्ट्या, चार बोल्ट. एवढंच काम. पण ह्या एवढ्याशा कामात मी जी चूक केली होती ती मागच्या माघात एका लेकराच्या जिवावर आली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो, कारण हंगाम तोंडावर आलाय आणि माझ्यासारखे ट्रॅक्टर रस्त्याला बरेच आहेत.

आधी चूक कशी झाली ते. दोन वर्षांमागं रेडिएटर गळत होता म्हणून मी घरीच पुढचा भाग उतरवला. जाळी काढली, दिवे काढले, निघालेलं सगळं सामान एका घमेल्यात टाकलं. रेडिएटर दुरुस्त होऊन यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात घमेल्यातलं अर्धं सामान कुणी कुणी कशाकशाला उचललं. वखराला एक बोल्ट पाहिजे, घे घमेल्यातनं. गोठ्याच्या दाराला वायसर पाहिजे, घे घमेल्यातनं. त्यात बोटाच्या पेराएवढे चार नळीचे तुकडे होते, गंजलेले. मला वाटलं कुठल्या तरी जुन्या पाइपाचे असतील. भंगारवाला आला त्याच्या पोत्यात ते पण गेले. आणि दिव्याच्या पट्टीखालची रबरं दगडासारखी कडक झालेली, ती मी स्वतःच उकिरड्यावर फेकली.

जोडायची वेळ आली तेव्हा मी आपला डबा काढला. शेतकऱ्याच्या घरात हा डबा असतोच. आमचा रंगाचा आहे, वीस लिटरचा. त्यात तीस वर्षांचे नट-बोल्ट आहेत, माझे आणि वडलांच्या वेळचे. हात घालायचा, बसेल तो बोल्ट घ्यायचा. मी पण तेच केलं. दिव्याच्या भोकात एक बोल्ट लावून बघितला, दोन-तीन आटे सहज गेले, मग घट्ट व्हायला लागला. म्हटलं, झकास बसतोय. पाना लावून जोर दिला. अजून अर्धा फेरा गेला आणि करकचून थांबला. मी खूश. रबराच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून घातले. चारही बोल्ट असेच बसवले आणि हात धुतले.

तो बोल्ट ८ मिलिमीटरचा होता. भोक अडीच सुतीचं.

इथं नव्या पोरांसाठी थोडं थांबतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठ सूत म्हणजे एक इंच, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. आपल्याकडं वजनमापाचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला, पण सुतार, गवंडी आणि लोखंडवाले अजून सुतातच बोलतात, आणि त्यात वाईट काही नाही. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. ८ चा बोल्ट त्याच्या शेजारी ठेवला तर डोळ्याला फरक दिसत नाही. फरक असतो तो आट्यांत. अडीच सुती जाड आट्यांच्या बोल्टला एका इंचात १८ आटे असतात. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला एक आटा सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे एका इंचात वीसच्या वर. पहिले दोन-तीन आटे एकमेकांना सांभाळून घेतात, पुढं अंतर वाढत जातं आणि आटे एकमेकांवर चढतात. मला जे "घट्ट बसलं" वाटलं ते बसणं नव्हतं, अडकणं होतं. बोल्ट दोन आट्यांवर लटकत होता आणि भोकातले आटे मी जोर लावून चेपले होते.

पान्यानं पण फसवलं. ८ च्या बोल्टचं डोकं १३ च्या पान्यात बसतं. अडीच सुतीचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७. त्यालाही १३ चा पाना चालून जातो, जरा हलतो एवढंच. त्यामुळं हात सांगतो की दोन्ही एकच आहेत.

आणि आपल्याकडं दोन्ही मापं एकाच वस्तीत नांदतात. मॅसीचा जुना आराखडा इंचाचा. टॅफे कंपनी १९६० साली मद्रासला मॅसी फर्ग्युसनबरोबर निघाली तेव्हापासनं ते आटे आपल्याकडं आले. महिंद्राचा जुना बी-२७५ पण परदेशी आराखड्याचा, १९६३ च्या सुमाराचा, तोही इंचाचा. एचएमटीचा झेटर झेक देशातला, त्याचं सगळं मिलिमीटरात. माझ्या चुलतभावाकडं एचएमटी होता आणि आमचा डबा अनेक वर्षं सामाईक होता. म्हणजे डब्यात दोन्ही मापांची खिचडी. दोष डब्याचा नाही, न बघता हात घालणाऱ्याचा.

आता माघातली रात्र.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, पंढरपूरला चार वाऱ्या भरतात. आषाढी मोठी, पण उसाचा हंगाम गाठतात त्या कार्तिकी आणि माघी. म्हणजे ज्या रस्त्यानं रात्री भरलेल्या ट्रॉल्या जातात त्याच रस्त्याच्या कडेनं माणसं चालत असतात. त्यात टोळ्यांच्या बैलगाड्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दिवसभर तोडायचं, सांजच्याला गाडी भरायची, रात्री कारखान्यावर नंबरला लावायची. लेकरू घरी ठेवायला घर इथं नसतं, कोपी असते, म्हणून लेकरू गाडीवरच.

माझ्या दिव्यांची अवस्था तोवर काय झाली होती ती सांगतो. बुश नाही, रबर नाही, आटे चेपलेले. खडीच्या रस्त्यानं बोल्ट सैल होत गेले. डाव्या दिव्याचं तोंड वर गेलं, त्याचा उजेड लिंबाच्या शेंड्यावर. उजवा खाली लोंबला, त्याचा उजेड पुढच्या चाकाच्या जरा पुढं. मला हे दिसत होतं. रोज दिसत होतं. रोज म्हणायचो, हंगाम संपला की बघू. दिवे लागतात ना? लागतात. पोलिसानं अडवलं तर दिवा चालू आहे ना? आहे. झालं.

करकंबच्या अलीकडं कालव्याचं वळण आहे. रात्रीचा एक वाजून गेला असेल. धुकं होतं, थंडी होती, मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या. वेग पंधरा-अठरा असेल. वळण संपलं आणि उजव्या दिव्याच्या त्या वीस फुटांच्या उजेडात एकदम वाढ्यांचे शेंडे दिसले. बैलगाडी. माझ्याच दिशेनं चाललेली, मागनं काळी, ना रिफ्लेक्टर ना कंदील. मी स्टेअरिंग उजवीकडं मारलं. समोरनं कुणी येत नव्हतं, हे माझं नशीब, माझी हुशारी त्यात काही नाही. ट्रॅक्टर निघून गेला. पहिल्या ट्रॉलीतले बाहेर आलेले ऊस गाडीच्या उसाला घासत गेले, खरारा आवाज झाला. बैल बिथरले. गाडी रस्त्याखाली उतरली आणि एक चाक चारीत गेलं.

मी थांबवून पळत मागं आलो. गाडी तिरपी झालेली, पण पडली नव्हती. बाई वर चढली होती आणि उसावरनं वाकळेत गुंडाळलेलं लेकरू खाली घेत होती. तीन-चार वर्षांचं असेल. ते झोपेतनं जागंसुद्धा झालं नव्हतं. गडी बैलांच्या कासऱ्याला धरून उभा. त्यानं मला शिवी दिली नाही. नुसतं विचारलं, "लाईट न्हाई का मालक?"

मी म्हणालो, "आत्ताच बल्ब गेला बाबा."

बल्ब गेला नव्हता. बल्ब चांगला पेटलेला होता, त्याच्या पायापुढं उजेड पडलेला त्यालाही दिसत होता. त्यानं एकदा दिव्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि काही बोलला नाही. आम्ही दोघांनी मिळून चाक चारीतनं काढलं. ती टोळी फाल्गुनात गावाला निघून गेली. परत काही ती माणसं भेटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दिवे बाइंडिंगच्या तारेनं आवळले आणि उरलेला हंगाम तसाच काढला. हेही लिहून टाकतो.

आता हिशोब बघा. दिवा जमिनीपासनं साधारण चार फुटांवर असतो. तो दोन अंश खाली वाकला तर उजेडाचा मध्य सव्वाशे फुटांच्या आतच जमिनीला टेकतो. पाच अंश वाकला तर पंचेचाळीस फुटांवर. अकरा अंश वाकला तर वीस फुटांवर. तासाला अठरा किलोमीटरच्या वेगात ट्रॅक्टर एका सेकंदात सोळा फूट जातो. म्हणजे माझ्या हातात सव्वा सेकंद होता. भरलेल्या दोन ट्रॉल्या सव्वा सेकंदात थांबत नाहीत, ब्रेक नवा असला तरी.

आणि एक अंश म्हणजे किती? पट्टीचे दोन बोल्ट एकमेकांपासनं सहा इंचांवर असतील, आणि एका बोल्टखालचं रबर दुसऱ्यापेक्षा पावणेतीन मिलिमीटर जास्त दबलं, की झाला एक अंश. शंभर फुटांवर उजेड पावणेदोन फूट वरखाली. म्हणून दिवा हलत नसला तरी वाकडा असू शकतो, आणि ते जवळनं बघून कळत नाही.

ह्या दसऱ्याला सगळं खोलायला घेतलं. भाचा आला होता, तो चाकणला कंपनीत जोडणीवर आहे. मी बोल्ट आवळत होतो, पट्टी दाबली जात होती, नवीन रबर चपटं होऊन बाहेर यायचं. जरा सैल केलं की दिवा डुगडुगायचा. घट्ट केलं की रबराचं काम संपलं, सैल ठेवलं की बोल्ट निघून येणार. तो म्हणाला, "मामा, ह्यात बुश कुठाय?"

मी म्हटलं, "कसला बुश?"

त्यानं मोबाइल काढला आणि मला एका जपानी गाडीचा व्हिडिओ दाखवला. माझदा कंपनीची मियाटा, १९८९ सालची. तिचे पुढचे दिवे दिवसा बॉनेटमध्ये झोपलेले असतात आणि बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यासारखे वर येतात. मला हसू आलं. आपल्याला आहे तो दिवा एका जागी ठेवायची मारामार, आणि ह्यांनी दिवा उठता-बसता केलाय. पण व्हिडिओत एक माणूस ती सगळी यंत्रणा सुटी करून परत जोडत होता ते मी दोनदा बघितलं. आत एक मोटर, तिला एक छोटा दांडा. मोटर अर्धा फेरा फिरली की दांडा दिवा वर ढकलतो, उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात खाली ओढतो. मोटर बंद पडली तर हातानं फिरवायला एक गोल मूठ पण दिलीय. असल्या दिव्यांच्या शेवटच्या गाड्या २००४ साली बनल्या, पुढं बंद झाल्या. रस्त्यावरच्या माणसाला धडक बसली तर वर आलेला दिवा जास्त लागतो, त्याचे नियम कडक होत गेले आणि साधे दिवेही चांगले झाले, असं भाचा म्हणाला.

मुद्दा वेगळाच. त्या यंत्रणेत जिथं पट्टी फिरायची असते तिथं बोल्टवर एक नळी असते. बोल्ट करकचून आवळायचा तो त्या नळीवर. पट्टी नळीभोवती मोकळी फिरते. बोल्ट घट्ट आणि पट्टी मोकळी, दोन्ही एकाच वेळी. नळी नसेल तर दोन्हीपैकी एकच मिळतं. बोल्ट घट्ट केला तर दिवा अडकतो, सैल ठेवला तर दिवा खडखडतो. माझ्या दिव्याला फिरायचं नव्हतं, पण रबराला दबायचं होतं, तेही ठरलेलंच दबायचं होतं. काम तेच. आणि ते चार गंजलेले तुकडे मी भंगारात घातले होते.

पंढरपुरात एक म्हातारा लेथवाला आहे, त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "नुसतं माप सांगू नकोस, पट्टी आन् रबर घिऊन ये." परत घरी, परत पंढरपूर. त्यानं पट्टी मोजली, ४ मिलिमीटर. वर एक रबर ६ चं, खाली एक ६ चं. सगळं मिळून १६. त्यानं बुश १४ लांबीचा कापला. म्हणजे बोल्ट कितीही आवळला तरी बुश टेकला की थांबणार, आणि रबर दोन मिलिमीटरच दबणार. ना कमी, ना जास्त. पट्टीचं भोक बुशापेक्षा मोठं असतं, लोखंडाला लोखंड लागत नाही, रबरच लागतं. चार बुशांचं काम अर्ध्या तासाचं. पैसे चहाला होतील एवढेच घेतले.

बोल्ट घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो तर तिथल्या शेठनं पहिला प्रश्न विचारला, "सूत का एमएम?" मला बरं वाटलं. असा प्रश्न विचारणारी माणसं कमी होत चालली आहेत. तुम्हाला कळत नसेल तर एक सोपी खूण आहे. जुना चांगला बोल्ट बरोबर न्या. नवा आणि जुना, दोघांचे आटे एकमेकांत आडवे बसवा आणि उजेडाकडं धरा. शेवटपर्यंत एकमेकांत बसले आणि मधनं उजेड दिसला नाही तर माप एक. कुठंतरी फट दिसली तर तो बोल्ट घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो.

मजबुतीचं पण विचारतात लोक. मिलिमीटरच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो. पहिला आठ म्हणजे एका चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ओढ लागली की तुटणार, दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा ताणला जाणार. इंचाच्या बोल्टवर आकड्याऐवजी रेघा असतात, तीन रेघा मध्यम, सहा रेघा भारी. दिव्याला साधा चालतो, तिथं वजन काही नाही. पण एक गोष्ट मी रोटाव्हेटरवाल्यांना नेहमी सांगतो, शेअर बोल्ट तुटतोय म्हणून त्या जागी भारी बोल्ट घालू नका. तो तुटण्यासाठीच असतो. तो नाही तुटला तर गिअर तुटेल. भारी तेवढं चांगलं, हा हिशोब नट-बोल्टला लागू नाही.

चारपैकी तीन भोकांत अडीच सुतीचा टॅप फिरवून आटे साफ झाले. तेल टाकायचं, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, घाई नाही. चौथ्या भोकातले आटे पार गेले होते, बोट घातलं तर गुळगुळीत. माझ्या पोटात गोळा आला, आता वेल्डिंग करावं लागणार का काय. लेथवाला हसला. म्हणाला, तीन सुती आटे पाडायला आधी अडीच सुतीचंच भोक मारावं लागतं, ते तर तू आयतं करून आणलंयस. त्यानं सरळ तीन सुतीचा टॅप फिरवला आणि भोक नवं झालं. फक्त त्या एका जागी बोल्ट मोठा आला, आणि त्याचा बुश पण आतनं मोठा कापावा लागला.

जोडताना क्रम असा ठेवला. बोल्ट, त्याखाली स्प्रिंग वायसर, त्याखाली मोठा सपाट वायसर, मग रबर आणि त्याच्या पोटात बुश, मग पट्टी, मग दुसरं रबर, मग बॉडी. मोठा सपाट वायसर विसरलात तर बोल्टचं डोकं रबरात घुसतं. स्प्रिंग वायसर जुना असेल, दोन्ही टोकं सपाट एका रेषेत आली असतील, तर तो मेलेला आहे. टाकून द्या, रुपया-दोन रुपयांची गोष्ट आहे.

अजून एक जागा अशी आहे जिथं मी आयुष्यभर चुकलो. रबरावर बसवलेल्या दिव्याला बॉडीतनं अर्थिंग धड मिळत नाही, त्याला वेगळी काळी वायर असते. ती वायर मी नेहमी रंगावरच आवळायचो. रंगातनं करंट जात नाही. १२ व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो, अर्थिंग कच्चं असलं तर त्यातला काही जोर त्या सांध्यातच खपतो आणि दिवा पिवळा पडतो. मग आपण बल्ब बदलतो, बॅटरीला नावं ठेवतो. तिथं दातेरी वायसर घालायचा. त्याचे दात रंग फोडून लोखंडाला चावतात. मी तेवढी जागा पॉलिश पेपरनं घासली, दातेरी वायसर घातला, वरनं ग्रीस लावलं. धाकटा म्हणाला, "दादा, नवीन बल्ब टाकला का?" नव्हता टाकला.

शेवटी रोख. मी गोठ्याच्या भिंतीपासनं पंचवीस फुटांवर ट्रॅक्टर उभा केला, सपाट जागेवर, टायरात हवा बघून. भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूची रेघ मारली. डीमचा उजेड त्या रेघेच्या चार बोटं खाली राहील असा दिवा फिरवला. छान जमलं. मग थोरला म्हणाला, आपण रिकाम्या ट्रॅक्टरवर बघतोय. खरं होतं. ट्रॉलीचा भार मागं आला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. शेणखताची ट्रॉली भरलेली उभीच होती, ती जोडली. उजेड रेघेच्या वर गेला. पुन्हा फिरवला. आता रिकामा चालवताना उजेड जरा खाली पडतो, पण रात्री मी रिकामा निघतो तो परत येताना, आणि तेव्हा मला घाई नसते.

दहा-बारा तास ट्रॅक्टर चालल्यावर चारही बोल्टना परत एकदा पाना लावला. एकालाही फेरा गेला नाही. बुशवर टेकलेत.

टोळी परवा आली. कालव्याच्या कडेला कोप्या घालतायत. कारखान्याकडनं रिफ्लेक्टर येतात तेव्हा येतील, मी पंढरपुरातनं लाल चमकती पट्टी आणलीय, सात गाड्यांना पुरेल. मुकादम म्हणाला, "कशाला वं खर्च?" मी म्हटलं, असू दे.

थोरला हे पान वाचतो. म्हणजे कालव्याच्या वळणाचं आज त्याला कळेल, आणि रात्री जेवताना तो विचारणार. यंदा रात्रीच्या खेपा तोच मारणार आहे. त्याला एक सांगायचं राहून गेलंय, चौथ्या भोकाचा, म्हणजे उजव्या दिव्याच्या आतल्या बाजूचा बोल्ट तीन सुती आहे आणि त्याचा बुश मोठा आहे. मी त्यावर पंचनं एक ठिपका मारून ठेवलाय. खोलशील तेव्हा ते सामान घमेल्यात टाकू नकोस.